कसाऱ्याचा वारा आणि दहा बोटं

कसारा घाट चढून झाला आणि इगतपुरीच्या अलीकडे रस्त्याकडेला एक चहाची टपरी दिसली. गाडी लावली, हेल्मेटचा पट्टा सोडायला हात वर नेला, तर बोटं ऐकेनात. कडी हनुवटीखाली आहे हे ठाऊक होतं, बोटं तिच्यावरच आहेत हे गाडीच्या आरशात दिसत होतं, पण बोटांना त्यातलं काही कळत नव्हतं. लाकडाच्या खुंट्या असाव्यात तशी ती कडीवरून घसरत होती. शेवटी टपरीवाल्या मावशी चुलीपुढून उठल्या आणि लहान पोराच्या शर्टाचं बटण काढावं तसा माझा पट्टा त्यांनी सोडला. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून मी किती तरी वेळ नुसता उभा होतो. मग बोटांत जाग यायला लागली आणि जी कळ उठली, तिने डोळ्यांत पाणी आलं.

भीती वाटली ती नंतर. घाटातली शेवटची वळणं घेताना पुढचा ब्रेक याच बोटांच्या हाती होता. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. लिव्हरवर बोटं आवळायला नेहमीपेक्षा अर्धाच सेकंद उशीर झाला, तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटर म्हणजे एका एसटीच्या निम्म्याहून जास्त लांबी. हातमोजे हा शौकाचा भाग नाही, ब्रेकचाच भाग आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पहाटे चारला आम्ही तिघं लोअर परळहून निघालो होतो, डिलाईल रोडच्या पुलाजवळून. जानेवारी असूनही अंगाला घाम होता, म्हणून जॅकेटची चेन उघडी. हातात बोटं उघडी राहणारे, उन्हाळ्यात वापरायचे हातमोजे. लोअर परळच्या माणसाला थंडीची सवयच नसते, त्यामुळे तिचा अंदाजही नसतो. समुद्र दोन हाकांवर, चारी बाजूंनी काँक्रीट. दिवसाची ऊब रात्रभर पुरते. मुंबईच्या थंडीचा विक्रम आजही २२ जानेवारी १९६२ चाच सांगितला जातो. त्या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, पण तेव्हाही समुद्राकाठच्या कुलाब्यात पारा ११.७ वर थांबला होता. एरवी चाळीच्या पटांगणात शेकोटी पेटते ती गप्पांसाठी.

पण गाडीला दोन-अडीच तास द्या. सायन, ठाणे, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, खर्डी, कसारा. समुद्र मागे पडत जातो, आभाळ निरभ्र असतं आणि जमिनीने दिवसा घेतलेली उष्णता रात्री वर निघून जाते. गार हवा जड, ती सखल भागात साचते. म्हणून शहापूर-खर्डीच्या दरम्यान एखाद्या ओढ्यावरच्या पुलावरून जाताना एकदम फ्रिजचं दार उघडल्यासारखं वाटतं आणि चढ लागला की जरा बरं वाटतं. पुढे घाट चढताना उंचीचा हिशेब सुरू होतो. दर हजार मीटरमागे हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, आणि इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. तिथून पुढे निफाडकडे गेलात तर थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागा वाचवायला शेतकरी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. घरातून निघताना २० अंश होते म्हणून त्या बेताने कपडे घालणारा माणूस पहाटे सहाला १० अंशांत पोचलेला असतो, आणि तोही ताशी ६० च्या वाऱ्यात.

या वाऱ्याचं गणित मुळापासून समजून घ्यायला हवं. आपल्या कातडीला लागून हवेचा एक पातळ थर असतो. शरीर तो थर तापवतं आणि मग तोच आपल्याला पांघरुणासारखा उपयोगी पडतो. वारा आला की ते पांघरूण उडून जातं, शरीर नवा थर तापवतं, तोही उडतो. बशीतला चहा फुंकून पिताना आपण हेच करतो. कितीही फुंकलं तरी चहाचा बर्फ होत नाही. तो साधारण खोलीतल्या हवेइतकाच गार होऊ शकतो, फक्त फार लवकर होतो. बोटांचंही तसंच. हवा १० अंश असेल तर वाऱ्याने बोटं शून्याखाली जाणार नाहीत, पण ती १० अंशांकडे धावत सुटतील.

हे मोजायचा पहिला गाजलेला प्रयत्न अंटार्क्टिकावर झाला. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या सुमारास तिथल्या तळावर प्लास्टिकच्या नळीत पाणी भरून ते वेगवेगळ्या वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो ते टिपलं. त्यावरून पुढे ‘विंड चिल’ ही कल्पना रूढ झाली. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामानखात्यांनी २००१ मध्ये तिचं नवं सूत्र स्वीकारलं. त्या सूत्रात १० अंश तापमान आणि ताशी ६० चा वारा घातला, तर उत्तर येतं पाच अंश. तापमान ५ अंश धरलं तर उणे दोनच्या जवळपास. हे सूत्र मोकळ्या मैदानात चालणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी बसवलेलं आहे, आणि जमिनीच्या आसपासचा वारा वरच्यापेक्षा मंद असतो हेही त्यात धरलेलं आहे. मोटारसायकलवर तशी सवलत नसते. गाडीचा सगळा वेग थेट मुठीवर येतो, म्हणून हाताला बसणारा मार सूत्राच्या उत्तराहून जास्तच.

या सूत्रात घोळताना एक गोष्ट लक्षात आली, ती मला फार उपयोगी पडली. १० अंशांत ताशी २० च्या वाऱ्याला उत्तर सात अंशांहून थोडं वर येतं, ४० ला सुमारे सहा, ६० ला पाच, ८० ला साडेचारच्या आत. म्हणजे पहिला वाराच सगळ्यात जास्त लुटतो. पुढे वेग वाढला तरी फरक थोडा थोडाच पडतो. “गारठलोय तर जरा हळू घेऊ” हा सल्ला रस्त्याच्या दृष्टीने योग्य आहे, हळू घ्यावंच. पण त्याने बोटं गरम होणार नाहीत, उलट ती वाऱ्यात जास्त वेळ राहतील. इलाज एकच. वारा हातापर्यंत पोचूच द्यायचा नाही.

आता सगळ्या अंगातून बोटांचीच ही दशा का होते? दोन्ही पंजे मिळून शरीराच्या कातडीचा जेमतेम पाच टक्के भाग. पण बोटं बारीक आहेत, आणि बारीक वस्तूला वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार असतो. पातेल्यातला भात तासभर गरम राहतो, ताटात पसरलेला पाच मिनिटांत गार होतो, तसं. शिवाय बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात आणि तिथून दोरीसारखे कंडरा बोटांपर्यंत येतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ उघड-मीट करा, हालचाल तिथेच जाणवेल. ऊब निर्माण करतो स्नायू. म्हणजे बोटांना स्वतःची चूलच नाही. त्यांचं सगळं बाहेरून येणाऱ्या गरम रक्तावर चालतं.

आणि थंडीत शरीर नेमकं तेच रक्त तोडतं. बोटांच्या टोकांत आणि तळव्यांत धमनीला थेट शिरेशी जोडणाऱ्या खास वाटा असतात. उकडत असताना त्या उघडतात, गरम रक्त कातडीजवळ येतं आणि उष्णता बाहेर जाते. गारवा जाणवला की मेंदूतून हुकूम सुटतो आणि या वाटा बंद होतात. हृदय, फुप्फुसं, यकृत यांचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. त्यासाठी हातापायांच्या टोकांना वाऱ्यावर सोडायला शरीर मागेपुढे पाहत नाही. या निर्णयात कसलीही चूक नाही, जीव वाचवणाराच तो निर्णय आहे. पण ज्याच्या त्या टोकांत क्लच आणि ब्रेक आहेत, त्याला तो महागात पडतो. हाताची कातडी १५ अंशांच्या आसपास आली की बारीक कामं बिघडू लागतात, आणखी खाली स्पर्शच हरवतो. मज्जातंतूंतून संदेश सावकाश जातो आणि सांध्यांतलं वंगण घट्ट होतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की हातांची थंडी छातीपासून सुरू होते. माझ्या जॅकेटची उघडी चेन हाच त्या दिवशीचा खरा घोटाळा होता. छाती, गळा, पोट गारठलं की मेंदू हातांचं रक्त तोडतो, मग कितीही जाड हातमोजे घाला. हातमोजा ऊब तयार करत नाही, आहे ती धरून ठेवतो. आत रक्तच येत नसेल तर धरायचं काय? उलट छाती घट्ट झाकलेली असेल, गळ्याला मफलर असेल, तर साध्या हातमोज्यांवरही माणूस इगतपुरी गाठतो. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवलेली, त्यात घामाने भिजून ते रात्रपाळी करत. सुटी झाली की आधी बनियन बदलायचे, मग गळ्याला मफलर गुंडाळायचे आणि तेव्हाच फाटकाबाहेर पडायचे. मी गाडी काढली की ते “गळा झाक” एवढंच सांगायचे, हातांबद्दल कधी बोलले नाहीत.

त्यांचा तो बनियन बदलण्याचा रिवाज ओलाव्याशी जोडलेला आहे. आमचा अख्खा भाग सुतावर उभा राहिला, तरी गाडीवरच्या थंडीसाठी सुती कापड सगळ्यात वाईट हे मला कबूल करावं लागतं. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने वाहून नेतं, आणि त्यावर वारा लागला की पाण्याची वाफ होताना आणखी उष्णता जाते. माठाला ओलं फडकं गुंडाळून आपण पाणी गार करतो. ओला हातमोजा घालून ताशी ६० ने जाणं म्हणजे आपल्याच मुठीचा माठ करणं. पावसाळ्यात माळशेजला जाणाऱ्यांनी हे अनुभवलेलं असतं. हवा वीसच्या वर असते, तरी बोटं पांढरी पडतात. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. म्हणून हातमोज्यांच्या आत घालायला पातळ लोकरीचे मोजे घ्यावेत. परळला हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडे असले हातमोजे स्वस्तात मिळतात. ते एकटे घातले तर वारा आरपार जातो, पण चामड्याच्या हातमोज्याखाली त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

हातमोजे विकत घेताना जवळजवळ सगळ्यांची एक चूक होते, माझीही झाली. आपण घट्ट बसणारे घेतो. ऊब असते ती कापडात नाही, कापडात अडकलेल्या हवेत. बोटांच्या टोकाला थोडी मोकळी जागा हवी, मूठ मिटल्यावर बोटांच्या पेरांवर ताण येता कामा नये. घट्ट मोजा हवाही ठेवत नाही आणि रक्तही अडवतो. घड्याळाचा आवळलेला पट्टा आणि अंगठी तेच करतात, ती निघण्याआधी काढून ठेवावीत. मनगट हा दुसरा दुर्लक्षित भाग. तिथे धमन्या कातडीच्या अगदी जवळून जातात, म्हणून वैद्य नाडी तिथे बघतात. जॅकेटची बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये दोन बोटं उघडी राहिली, तर हाताकडे निघालेलं रक्त वाटेतच गार होतं. हातमोजा लांब असावा आणि बाहीवरून चढवावा. पाऊस असेल तर मात्र तो बाहीच्या आत, नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी थेट मोज्यात जातं.

जाडीलाही मर्यादा आहे. बोट म्हणजे बारीक दांडी. तिच्याभोवती कापूस वाढवत गेलो की बाहेरचा पृष्ठभागही वाढतो आणि उष्णता निसटायला जागा मिळते. शिवाय फार जाड मोज्यातून लिव्हरचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा वारा हँडलवरच अडवलेला बरा. उत्तरेत थंडीच्या दिवसांत स्कूटरच्या हँडलला पिशवीसारखी जाड आवरणं चढवतात आणि हात त्यात खुपसून चालवतात. दिसायला बोजड, पण माझ्या मते खर्चाच्या मानाने याहून परिणामकारक काही नाही. काही गाड्यांना मुठीपुढे प्लास्टिकची ढाल येते, तीही चांगला वारा तोडते. विजेवर तापणाऱ्या मुठी मिळतात. जोडीला साधारण ३० ते ४० वॉट लागतात. मोठ्या गाडीला ते झेपतं, लहान गाडीची बॅटरी बसू शकते. त्यातही तळवा तापतो आणि बोटांची पाठ वाऱ्यातच राहते. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हर ॲल्युमिनियमच्या, उष्णता शोषण्यात पटाईत; त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की मोठा फरक पडतो. दहा मिनिटांचं काम आहे.

काहीच हाताशी नसेल तर वर्तमानपत्र. पहाटे आमच्या नाक्यावर पेपरवाले पुरवण्या लावत बसलेले असतात. एक अंक घ्यावा आणि चार पानं जॅकेटच्या आत छातीवर पसरावीत. कागद वारा अडवतो आणि पानांमध्ये हवा अडकते. हातासाठी दवाखान्यात वापरतात तसे पातळ रबरी मोजे नेहमीच्या मोज्यांखाली घालता येतात, पण आत घाम साठतो, म्हणून ते तास-दीड तासापुरतेच. मागे बसणाऱ्याची सोय सगळे विसरतात. त्याचे हात काही करत नसतात, त्यामुळे ते लवकर गारठतात. त्याने ते चालवणाऱ्याच्या जॅकेटच्या खिशात घालावेत, दोघांचंही भलं होतं.

हँडल किती आवळून धरतो याकडेही लक्ष द्यावं. घाटात धास्तीने आपण मूठ घट्ट करतो, तळव्यातलं रक्त दाबलं जातं. दर काही मिनिटांनी, सरळ रस्त्यावर, एकेक करून बोटं सैल करावीत. थांबल्यावर खांद्यातून हात मोठ्या वर्तुळात जोरात फिरवावेत, भिंगरीसारखे. रक्त टोकाकडे फेकलं जातं आणि मिनिट-दोन मिनिटांत बोटांत मुंग्या येतात.

थांबल्यावर गारठलेले हात इंजिनाजवळ नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. जवळ नेणं ठीक, टेकवणं धोक्याचं. बधिर बोटांना चटका कळत नाही आणि सायलेन्सर काहीशे अंश तापलेला असू शकतो. मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी तर शेकोटीपाशीही सांभाळावं. हात काखेत घालून बसणं सगळ्यात सुरक्षित. सिगारेट नको, निकोटिनने बोटांच्या रक्तवाहिन्या आणखी आवळल्या जातात. दारू तर नकोच. गाडीचा प्रश्न आहेच, शिवाय तिने कातडीकडे रक्त येऊन क्षणभर गरम वाटतं आणि आतली उष्णता मात्र बाहेर निघून जाते.

ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये एक मजेची गोष्ट नोंदवली. बोट बर्फाच्या पाण्यात धरलं की रक्त बंद होतं, पण काही मिनिटांनी वाहिन्या आपोआप उघडतात, बोट गरम होतं, पुन्हा बंद होतात, पुन्हा उघडतात. पेशी मरू नयेत म्हणून शरीर मधून मधून घोटभर रक्त सोडत असावं. रोज गार पाण्यात हात घालणाऱ्यांत हे जास्त चांगलं चालतं. कॅनडाच्या गॅस्पे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत संशोधकांना तसं आढळलं. मला लगेच आमच्या बाजारातल्या कोळणी आठवल्या. सकाळपासून बर्फातल्या पापलेट-सुरमईत हात असतात त्यांचे, आणि तरी कोयतीवर बोट अचूक चालतं. आपल्यासारख्या पंख्याखाली बसणाऱ्याला ती देणगी एका सहलीत मिळत नाही.

काही जणांची बोटं मात्र जराशा गारव्यानेही आधी पांढरी, मग निळी आणि ऊब मिळाली की लालबुंद होतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने हा त्रास ओळखला जातो. बायकांत तो जास्त दिसतो. वर्षानुवर्षं हाताला यंत्राचे हादरे बसणाऱ्यांतही होतो. असं होत असेल तर “मला थंडी जास्त वाजते” म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं.

परवा पुन्हा त्याच वाटेने गेलो. तोच महिना, तीच वेळ. या खेपेला गळ्याला मफलर, चेन वरपर्यंत, आत लोकरीचे आणि वर लांब चामड्याचे हातमोजे, लिव्हरवर ट्यूब. कसाऱ्याला थांबलो, मोजे काढले आणि अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवून पाहिला. हाताची तयारी तपासायची ही सोपी खूण आहे. टेकला नाही किंवा टेकल्याचं कळलं नाही, तर गाडी पुढे न्यायची नाही. उजव्याचा टेकला. डाव्याचा टेकला, पण करंगळीला तो जाणवायला क्षणभर लागला. मग वीस मिनिटं तिथेच काढली, डोंगरामागून ऊन येईपर्यंत, आणि पुन्हा टेकवून पाहिला.

घाट चढल्यावर टपरीवर मावशी होत्याच. पट्टा मी माझ्या हाताने सोडला.